तळ्याकाठची सहल, चौघांचे खिसे आणि मुक्तिनाथची थाप

ताई, मी साखळीची, वय 27, पणजीत नोकरी करते. शाळेपासूनचे आम्ही चौघे, दोन मुली आणि दोन मुलगे, दिवाळीनंतर पाठीवर सॅक टाकून नेपाळला जायचं ठरवतोय. पोखरा, बेगनास, कुश्मा. तळ्याकाठी राहायचं, पॅराग्लायडिंग, बंजी वगैरे करायचं. वर्गणी माझ्याकडे जमा होते. एक मित्र इंग्लंडात स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवाला. तो म्हणतो, नेपाळ कशाला, न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनलाच जाऊया, कमी पडले तर मी भरतो. म्हापशाचा मित्र कुश्माच्या बंजीशिवाय दुसरं काही बोलत नाही. उडी मारायची नसेल त्याने येऊच नये म्हणतो. वेर्ण्याला कंपनीत असलेली मैत्रीण ग्रुपवर नुसतं 'बघू' लिहिते. मला स्वतःला पोहता येत नाही आणि उंचीची भीती वाटते, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आईला मात्र सांगून बसलेय की आम्ही पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या दर्शनाला चाललोय. मैत्रीत वितुष्ट न येता ही सहल कशी पार पडेल?
— खजिनदार, साखळी

खजिनदारबाई,

माणसं चार आणि सहलीही चार, असं तुझं पत्र आहे. पण त्याने घाबरून जाऊ नकोस. डोंगरात ट्रेकला निघालात तर चौघांना एकाच पायवाटेने, सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने जावं लागतं. तळ्याकाठच्या गावात तशी सक्ती नसते. सकाळी दोघं पोखऱ्याजवळच्या सारंगकोटच्या डोंगरावरून उडायला गेले तर उरलेल्या दोघांनी फेवा तळ्याच्या काठाने रमतगमत चालावं, चहा घ्यावा, जुन्या बाजारात चक्कर टाकावी. जेवायच्या वेळेला सगळे पुन्हा एका टेबलावर. ज्याला उडायचंय त्याला डोंगर आणि ज्याला नुसतं बसायचंय त्याला पाणी, अशी सोय एकाच गावात असते. भांडणं होतात ती 'सगळं सगळ्यांनी मिळून करायचं' या हट्टापायी. म्हणून एकत्र काय करायचं आणि ज्याचं त्याने काय करायचं, याची वाटणी गोव्यातच करून निघा. पैशांचीही आणि उड्यांचीही.

क्वीन्सटाउनचा विषय आधी मिटवते. गाव सुंदर आहे, वाकाटिपू तळ्याच्या काठी आहे, आणि बंजीचा कायमस्वरूपी धंदा पहिल्यांदा सुरू झाला तो त्याच भागात, कावाराऊ नदीच्या पुलावर, 1988 साली. पण न्यूझीलंडला आपल्याला व्हिसा लागतो, त्यावर 100 न्यूझीलंड डॉलर पर्यटक कर, लांबचं विमान आणि तिथल्या डॉलरमधली महागाई. तळ्याचं पाणी इतकं गार की आपल्या समुद्रात वाढलेल्या माणसाचा पहिल्या डुबकीतच श्वास अडकावा. वेर्ण्याची मैत्रीण तिथे जाणार नाही, आणि गेली तरी स्विंडनवाल्याच्या पैशांनी जाईल. मित्राच्या पैशाने केलेल्या सहलीत पंधरा दिवस मान वर करून जेवता येत नाही. तेव्हा नेपाळच. तिथे बसवरच्या पाट्याही देवनागरीत असतात, हा आणखी एक फायदा.

आता पैसे. पोखऱ्याच्या लेकसाइडच्या रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे एक काउंटर आणि त्यावर काहीतरी विकायला ठेवलेलं: पॅराग्लायडिंग, झिपलाइन, राफ्टिंग, बंजी. तिथे उभं राहून ठरवायला लागलात की ज्याच्या खिशात जास्त तो ठरवतो आणि बाकीचे माना डोलावतात. म्हणून समाईक खातं लहान ठेव. खोल्या, बस-जीप-टॅक्सी, सकाळचा नाश्ता आणि पाणी, एवढंच त्यात. जेवण ज्याचं त्याने द्यायचं की समाईक, ते तुम्ही ठरवा. उड्या, त्यांचे व्हिडिओ आणि दारू मात्र काही झालं तरी समाईक नाही. दारूचं मुद्दाम लिहिते, कारण गोव्यातल्या भावाची सवय असलेली मुलं बाहेर पडली की बिल बघून गप्प होतात, आणि मग न पिणाऱ्याच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. व्हिडिओचंही तसंच. उडीच्या पैशांत तो धरलेला आहे की वेगळा, हे आधी विचारावं लागतं.

समाईक खात्याचा आकडा ठरवताना चौघांतल्या सगळ्यात हलक्या खिशाकडे बघ. हा आकडा ग्रुपवर विचारायचा नाही. ग्रुपवर 'बघू' म्हणजे 'माझ्याकडे नाहीत, पण ते सगळ्यांसमोर सांगायला लावू नका'. तिला फोन कर आणि 'परवडेल का' असं न विचारता 'दिवाळीपर्यंत किती बाजूला काढता येतील' एवढंच विचार. ती म्हणेल त्या आकड्यात खोल्या आणि प्रवास बसव. बसत नसेल तर दिवस कमी कर, नाहीतर कुश्मा गाळ. आणि स्विंडनवाल्याचा हात मोकळा असेल तर त्याला नाउमेद करू नकोस, फक्त त्याचं औदार्य माणशी मोजता येणार नाही अशा ठिकाणी लाव. बेगनासला जाण्यायेण्याच्या गाडीचं भाडं त्याने दिलं तर ते चौघांचं असतं, त्यात कोणी कोणाचा मिंधा होत नाही. मैत्रिणीच्या पॅराग्लायडिंगचे पैसे त्याने भरले, की नको असतानाही तिला उडावं लागेल.

हिशेब नेपाळी रुपयांतच लिही. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा दर 1993 पासून बदललेला नाही. घोळ होतो तो भाव सांगताना. दुकानदार 'पाचशे' म्हणाला की लगेच विचारायचं, 'आयसी की एनसी?' आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. तिथे रोजच्या व्यवहारात हेच शब्द चालतात. जवळ शंभराच्या नोटा ठेव. काही दुकानांत आपलं यूपीआयसुद्धा चालतं, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं वही सगळ्यांसमोर उघडायची. परत आल्यावर साखळीत बसून एकटीने हिशेब लावायचा नाही. तोवर सगळ्यांना आपण दिलेलं आठवतं आणि घेतलेलं विसरलेलं असतं.

आता म्हापशेकर. 'उडी मारायची नसेल त्याने येऊ नये' हे वाक्य त्याला ग्रुपवरच मागे घ्यायला लाव, आणि ते तू तुझी भीती सांगूनच करू शकशील. साधं लिही: 'मला उंचीची भीती वाटते. मी बंजी करणार नाही. पॅराग्लायडिंगचं तिथे गेल्यावर ठरवेन. मी खाली थांबेन, फोटो काढेन.' तू एवढं लिहिलंस की बघ, वेर्ण्याचीही 'मीपण' म्हणते की नाही. तिथल्या काठावर उभं राहून नाही म्हणणं फार जड जातं. मागे रांग असते, पैसे भरलेले असतात, मित्र मोबाईल रोखून उभा असतो. त्यापेक्षा गोव्यातून नाही म्हणणं सोपं. आणि एक नियम चौघांनी मिळून कर: ऐन वेळी माघार घेतली त्याचा व्हिडिओ काढायचा नाही, आणि त्याला 'पैसे फुकट गेले' म्हणायचं नाही. पैसे त्याचेच गेलेत.

म्हापशेकराने कुश्माची 228 मीटर ही संख्या पाठ केली आहे, पण त्याने आधी कुठे उडी मारली आहे का? कालीगंडकीच्या दरीवर झुलता पूल आणि त्यावरून खाली, हे पहिल्याच उडीला घेण्यासारखं प्रकरण नव्हे. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर मये तळ्यावर 2018 पासून 55 मीटरची बंजी आहे. फोन करून चालू आहे का विचारा आणि एका रविवारी गोव्यातले तुम्ही तिघं जा. त्याला उडू दे, तुम्ही दोघी खाली बसून भजी खा. उडी मारून आल्यावर तो कुश्माबद्दल कमी बोलायला लागला तर त्याचे आणि तुमचे दोन दिवस वाचतील. जास्त बोलायला लागला तर जाऊ दे त्याला. जाड भिंगाचा चष्मा असेल, रक्तदाब असेल, पाठीचं-मणक्याचं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारायला सांग. दोरी ताणून वर फेकते तेव्हा डोळ्यांवर आणि मणक्यावर झटका बसतो. फॉर्मवर हे सगळं विचारतात आणि पोरं डोळे मिटून 'नाही' वर खूण करतात.

पॅराग्लायडिंगवर जरा थांबते, कारण तू 'तिथे गेल्यावर ठरवेन' म्हणशील आणि तिथे गेल्यावर बहुधा हो म्हणशील. उंचीची भीती वाटणाऱ्या बऱ्याच जणांना ते बंजीपेक्षा सोपं जातं, कारण त्यात कड्यावरून खाली पडायचं नसतं. पायाखालची जमीन हळूहळू दूर जाते. पण गोव्याची असल्यामुळे केरीच्या पठारावर 2025 च्या जानेवारीत काय झालं ते तुला ठाऊक आहे. पुण्याहून आलेली तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट, दोघंही पॅराग्लायडिंगच्या अपघातात गेले. पायलट नेपाळचा आहे किंवा जागा प्रसिद्ध आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. पायलटचा टँडमचा, म्हणजे सोबत दुसऱ्याला घेऊन उडायचा, परवाना बघायला माग. राखीव पॅराशूट कुठे आहे ते त्याला दाखवायला सांग. हेल्मेट हनुवटीखाली घट्ट बसलेलं हवं. आणि धावायच्या आधी मान खाली घालून स्वतःचे पट्टे बघ: दोन मांड्यांचे दोन, छातीचा एक. तिन्ही क्लिपा लागल्याचा आवाज आला पाहिजे. मांडीचे पट्टे लावायचे राहून माणूस हार्नेसमधून निसटल्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून हे पायलटवर न सोपवता तूही बघायचं. त्याला राग येणार नाही. आला तर दुसरा पायलट घे.

उडताना नवखी माणसं एक चूक हमखास करतात. उतारावर दोन पावलं धावली आणि पंख ओढ घेतोय असं वाटलं की लगेच खुर्चीवर बसावं तशी मागे बसतात. पाय अधांतरी धावायला लागेपर्यंत धावायचं असतं. पायलट सांगेल तेव्हाच बसायचं. उतरताना उलट: तो म्हणाला की पाय खाली सोडून उभं राहायला तयार व्हायचं. हवा नीट नाही म्हणून त्याने उड्डाण रद्द केलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, 'उद्या आमचं विमान आहे' ही सबब तर मुळीच सांगायची नाही. त्यासाठीच उड्डाण पोखऱ्यातल्या पहिल्या सकाळी ठरवा, म्हणजे पुढचे दिवस हाताशी राहतात.

पाण्याचं तू एका वाक्यात उरकलं आहेस, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. गोव्याची असून पोहता येत नाही याची लाज वाटायचं कारण नाही. डिचोली-सत्तरीतल्या किती मुलींना कोणी पाण्यात उतरू दिलं? उलट खाणींच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याने घेतलेले जीव बघून आपल्याकडे घरोघरी भीतीच घातली जाते. फेवावर लाकडी होड्या असतात, त्यांना तिथे डुंगा म्हणतात. लाइफ जॅकेट देतात. ते अंगात नुसतं अडकवून फोटो काढायचा नाही. सगळ्या क्लिपा लाव, मग मैत्रिणीला दोन्ही खांद्यांवरून जॅकेट वर ओढायला सांग. ते कानापर्यंत वर आलं तर सैल आहे. पाण्यात पडलीस तर तू खाली आणि जॅकेट वर. आवळून घे किंवा लहान माप माग. होडीत उभं राहून जागा बदलायच्या नाहीत. आणि ज्यांना समुद्रात पोहता येतं त्यांनाही बजाव की तळं म्हणजे कळंगुट नव्हे. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही. तळाशी गाळ आणि पाणवनस्पती, आणि लाल झेंडा घेऊन उभा असलेला जीवरक्षक नाही. दिवाळीपर्यंत वेळ आहे. पणजीतच नोकरी करतेस, तर ऑफिस सुटल्यावर कांपालच्या तरणतलावाची चौकशी कर. पोहता नाही आलं तरी पाठीवर तरंगायला आलं तर पुष्कळ झालं.

गर्दी नको असेल तेव्हा बेगनासला जा. पोखऱ्यापासून जवळ आहे, आणि उड्या विकणाऱ्यांचा तिथे त्रास नाही. फेवा, बेगनास, रूपा धरून पोखरा खोऱ्यातल्या नऊ तळ्यांना 2016 मध्ये मिळून रामसर दर्जा मिळाला आहे, म्हणजे पाणथळ जागा म्हणून त्यांचं मोल मोठं. वेर्ण्याच्या मैत्रिणीला बहुधा हेच हवं असेल. कारखान्यातल्या पाळ्या करणाऱ्या मुलीला सुट्टीत आधी काय लागतं? झोप.

आता तुझी थाप. मला हसू आलं, कारण ती पुढे कशी वाढत जाणार ते दिसतंय. आई आतापर्यंत शेजारी सांगून मोकळी झाली असेल, मुक्तिनाथाला वाहायला कोणीतरी शंभराची नोट दिली असेल, आणि आणखी महिनाभराने तीच म्हणेल, मीही येते. पण हसण्यावारी नेऊ नये असं त्यात एक आहे. थाप निभावायची म्हणून तुम्ही खरंच मुक्तिनाथला निघालात, आणि तेही पोखऱ्याहून जीपने एका दिवसात, तर साधारण 800 मीटरवरून थेट 3,700 च्या वर जाल. आपल्या गोव्यातला सर्वांत उंच डोंगर बाराशे मीटरसुद्धा भरत नाही. डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं गाडी लागली, पण तो उंचीचा त्रास असतो. जायचंच तर जोमसोम किंवा मार्फाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वर जा, दर्शन घेऊन झोपायला खाली या, आणि डोकं दुखत असेल तर वर चढूच नका. तेवढे दिवस नसतील तर मुक्तिनाथ सोडून द्या.

आणि आईला खरं सांग. तू प्रवास विमा काढशील. काढायचाच आहे, आणि त्यात पॅराग्लायडिंग-बंजी धरलेलं आहे की वगळलेलं, ते बारीक अक्षरांत वाचायचं आहे. त्या कागदावर वारस म्हणून नाव कोणाचं घालणार आहेस? तिचंच ना? मग जिचं नाव तिथे लिहितेस तिला आपण कुठे जातोय तेच माहीत नाही, हे बरं दिसत नाही. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, केरीचं नाव दहा वेळा काढेल. काढू दे. तिला राहण्याच्या जागांचे पत्ते आणि फोन लिहून दे, तुझ्या तिन्ही मित्रांच्या घरचे नंबर दे. आणि देवदर्शन पुरतं खोटं ठरवायचंही कारण नाही. पशुपतिनाथ काठमांडूच्या विमानतळाजवळच आहे. पोखऱ्यात विंध्यवासिनीचं देऊळ आहे, आणि फेवाच्या मधोमध बेटावर ताल बाराहीचं. तिथे होडीनेच जावं लागतं, म्हणजे जॅकेट आवळायची तुझी परीक्षाही होईल.

दिवाळीनंतरचा काळ निवडलात ते उत्तम केलंत. आकाश स्वच्छ असतं, दसैं-तिहारची, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीची, गर्दी ओसरलेली असते. पावसाळ्यात जा म्हणून कोणी सांगितलं असतं तर मी कान पकडला असता. 2024 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि 27 जण गेले, तो रस्ता हाच. दिवाळीनंतरही रात्रीची बस नको. दिवसाउजेडी निघा, सात-आठ तास धरून चाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुम्हा तिघांना व्हिसा नको, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही. वेर्ण्याच्या मैत्रिणीकडे पासपोर्ट नसेल तर मतदार कार्ड घरात सापडतंय का ते आत्ताच बघायला सांग. स्विंडनवाला नेपाळच्या लेखी युरोपियन आहे. त्याला उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागेल, 15 दिवसांचे 30 डॉलर. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात गेलात तर परवान्याला तुमचे माणशी 1,000 नेपाळी रुपये आणि त्याचे 3,000. हे त्याचे त्याने भरायचे, समाईक खात्यातून नाही. पोर्तुगीज पासपोर्टबरोबर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्डही त्याने जवळ ठेवावं, कारण नेपाळहून परत भारतात शिरताना ते लागेल.

तिकिटं काढायच्या आधी करायचा फोन मात्र एकच, वेर्ण्याला. तिची रात्रपाळी असेल तर दुपारी चारनंतर कर.